दराचा सौदा आणि 'स्वातंत्र्या'चा भ्रम

कामाचा दर हा ग्राहक आणि कारागीर यांच्यातला खाजगी सौदा आहे, संघटनेने त्यात पडू नये, असे प्रतिपादन हल्ली मोठ्या हिरिरीने केले जाते. त्यासाठी सल्लागारांचा एक नवा वर्गच निर्माण झाला आहे. आपली किंमत ओळखा, आकडा ठामपणे सांगा, 'नाही' म्हणायला शिका, हा त्यांचा मंत्र. घरभाडे थकलेल्या माणसाने 'नाही' म्हणावे ते कशाच्या बळावर, याचे उत्तर मात्र त्या मंत्रात नाही.

रायपूरच्या पंडरीतला कापडबाजार घ्या. छत्तीसगडभरचे दुकानदार येथे माल भरतात. अशा बाजाराच्या आधाराने नगावर शिवणारे शिंपी जगतात, साडीला फॉल-पिको करणाऱ्या स्त्रिया जगतात. आता दुकानांचे फलक आणि मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिराती करून देणारे तरुणही त्यांच्यात आले आहेत. या तरुणाला 'फ्रीलान्सर' म्हणतात, शिंप्याला कोणी तसे म्हणत नाही. परंतु दोघांचाही सौदा एकाच वाक्याने संपतो: "पलीकडचा कमीत करतो." पलीकडच्यालाही हेच ऐकविले जाते, हे दोघांनाही ठाऊक नसते. मालकाची खरी ताकद ती हीच.

मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (1867) नगावरील मजुरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ही पद्धत कामगाराला स्वतंत्रतेची भावना देते आणि त्याच वेळी त्याला सोबत्यांशी स्पर्धेत लोटते, हे त्याने तेथे दाखविले आहे.

आमचेच काही साथी म्हणतील की, स्वतःचा संगणक बाळगणारा हा तरुण छोटा मालक, त्याचा कामगार चळवळीशी संबंध काय? 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात नगावर शिवणाऱ्या शिंप्यांना कामगार मानले. काही जण कापड घरी नेऊन शिवीत, तरीही. त्या निकालात दोन गोष्टींना महत्त्व होते: शिलाईयंत्रे मालकाची होती, आणि काम नापसंत करून पुन्हा करवून घेण्याचा हक्क त्याचा होता. दुसरा हक्क आजही शाबूत आहे. 'थोडा बदल करा' म्हणत चार-चार वेळा काम परत येतेच. यंत्र तेवढे कारागिराच्या माथी मारले गेले. म्हणजे खर्च त्याच्याकडे गेला, हुकूम मालकाकडे राहिला. याला मालकी म्हणायचे काय? सामाजिक सुरक्षा संहिता (2020) 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने 'गिग कामगार' हा शब्द कायद्यात आणला खरा, पण मालक-नोकर संबंधाबाहेरचा म्हणूनच. दराचा हक्क तिने दिला नाही.

छत्तीसगडला हा प्रश्न नवा नाही. 1977 मध्ये दल्ली-राजहराच्या लोहखाणींत कायम कामगारांच्या मानाने ठेकेदारी कामगारांना फारच कमी बोनस देणारा करार प्रस्थापित संघटनांनी मान्य केला, आणि ते कामगार त्यांना सोडून शंकर गुहा नियोगींसोबत गेले. पावसाळ्यापूर्वी झोपडी दुरुस्तीचा भत्ता आणि काम न मिळालेल्या दिवसांचे वेतन, या त्यांच्या मागण्या होत्या. जूनमधील गोळीबारात 11 जण मारले गेले. 'हे आपले नव्हेत' म्हणण्याची किंमत चळवळीने तेव्हा मोजली आहे.

काम न मिळालेला दिवस हाच आजही दराचा गाभा आहे. समजा, तरुणाला घरासाठी 24,000 आणि वीज, इंटरनेट, यंत्र यांसाठी 6,000 रुपये लागतात. महिन्याचे 25 दिवस धरून तो रोजचे 1,200 मागतो. प्रत्यक्षात पैसे मिळवून देणारे दिवस 12. बाकीचे काम शोधण्यात, दुरुस्त्यांत आणि उधारी वसुलीत जातात. त्याचा खरा दर 2,500 आहे. हा हिशेब एकट्याने दुकानदारापुढे मांडला तर हसे होते; बाजारातल्या पन्नास जणांनी एकच दरपत्रक पुढे केले तर दुकानदाराला ते वाचावे लागते. न्यूयॉर्क शहरात 2017 पासून 800 डॉलर वा अधिकच्या कामाला लेखी करार आणि ठरलेली तारीख नसल्यास 30 दिवसांत पैसे, असा कायदा आहे. तोही फ्रीलान्सरांच्या संघटनेच्या रेट्यानेच झाला.

तेव्हा पंडरीसारख्या प्रत्येक बाजारात शिंपी आणि चित्रे करणारा तरुण यांची एकत्र बैठक घ्यावी. निम्मी रक्कम आगाऊ, दोनदा दुरुस्ती, तिसरीचे वेगळे पैसे आणि पैसे बुडविणाऱ्या दुकानाचे काम कोणीच न घेणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. दरपत्रक हिंदीत छापावे आणि फॉल-पिको करणाऱ्या स्त्रियांचे दर त्यात सर्वांत वर असावेत, कारण सर्वांत कमी मोबदला त्यांनाच मिळतो.