बेण्याला शिस्त, मग कलमाला का नाही?

सभासद बंधू-भगिनींनो,

गेल्या महिन्यात लागणीची नोंद घ्यायला एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. ऊस झकास होता. पण बांधापलीकडची पाच वर्षांची मोसंबी पाहून मन खट्टू झाले. "साहेब, जस्त मारलं, लोह मारलं, शेणखत घातलं, तरी पानं पिवळीच," ते म्हणाले. मी पान उजेडाकडे धरले. जस्त कमी असते तर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पिवळेपणा सारखा दिसतो. इथे डावीकडे एक डाग, तर उजवीकडे भलताच. फळे लहान, वाकडी. ही ग्रीनिंग रोगाची लक्षणे. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते; नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत अशी तपासणी होते.

हा रोग जिवाणूचा. तो पसरवतो सिट्रस सायला हा तीन-चार मिलिमीटरचा रस शोषणारा किडा. मागचा भाग वर उचलून तो तिरपा बसतो, म्हणून ओळखायला सोपा. अंडी घालतो फक्त कोवळ्या नवतीवर. पिल्ले रस पितात व मेणासारखे पांढरे धागे सोडतात. रोगट झाडावर वाढलेले पिल्लू मोठे झाले की जन्मभर जिवाणू वाहत फिरते. हा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्या तुंबवतो. पानात तयार झालेली साखर मुळापर्यंत पोचत नाही. साखरेचा धंदा करणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको! या रोगावर खात्रीचा इलाज अजून नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडाची गोष्ट ऐका. तिथे हा किडा 1998 मध्ये आणि रोग 2005 मध्ये सापडला. 2003-04 च्या हंगामात तिथे 24 कोटी 20 लाख पेट्या संत्री निघाली होती. 2024-25 मध्ये दीड कोटीही निघाल्या नाहीत. वादळांचाही त्यात वाटा आहे, पण मुख्य घाव ग्रीनिंगचाच. पैसा, यंत्रे, शास्त्रज्ञ, सगळे होते. तरी एकाने फवारायचे आणि शेजाऱ्याने बाग ओसाड सोडायची, असे पुष्कळ ठिकाणी झाले. ओसाड बागेतला किडा बांध मोजत नाही.

आता माझे स्पष्ट मत. उसात गवताळ वाढ दिसली की आपण बेट मुळासकट काढतो. बेणे मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी घेतो. ही शिस्त कारखान्याने लावली व सभासदांनी पाळली. मोसंबीचे कलम मात्र स्वस्त मिळाले की गाडीत टाकायचे! डोळा कोणत्या झाडाचा, हे विचारतच नाही. रोगट झाडाचा डोळा भरला तर रोग आपणच भाडे देऊन घरी आणतो; आणि लक्षणे दिसायला महिने, कधी वर्षेही जातात.

काहीजण म्हणतील, कारखाना उसाचा, मोसंबीचे त्याला काय? पण पाणी कमी पडले की उसाचे क्षेत्र घटते आणि घर बागेवर चालते. सभासद मोडला तर कारखाना कोणाच्या जिवावर चालणार?

म्हणून माझी सूचना अशी :

१. कलमे नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच, पावतीसह घ्यावीत.

२. प्रत्येक नवतीत आठवड्यातून एकदा कोवळे शेंडे पाहावेत. कढीपत्त्याचे झाडही तपासावे. हा किडा त्यावरही वाढतो.

३. किडा दिसल्यास शिफारस केलेले औषध साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात फवारावे. फुलोऱ्यात फवारू नये, मधमाश्या मरतात.

४. तपासणीत रोग ठरलेले झाड आधी फवारून मग मुळासकट काढावे. जीव तुटतो, मान्य आहे. पण एका झाडाच्या मायेपोटी शेजाऱ्याची बाग घालवू नये.

गट ऑफिसला तोडणीच्या याद्या जशा गावनिहाय लागतात, तशा फवारणीच्या का लागू नयेत? येत्या गट बैठकीत हा विषय सभासदांनीच मांडावा, अशी विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी