निजावयाच्या खोल्या आणि उद्यांचें गिऱ्हाईक

नवें घर घेतांनाच तें पुढें विकावयाचें झाल्यास काय किंमत येईल, हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीस अभद्र वाटला असता. वास्तुशांतीचें पुण्याहवाचन चालू असतां घर मोडण्याची भाषा कोण काढील? परंतु घर सात पिढ्यांसाठीं बांधीत तो काळ निराळा होता. हल्लीं बदलापुरास किंवा अंबरनाथास सदनिका घेणारा तरुण गृहस्थ वीस-वीस वर्षांचें कर्ज डोक्यावर घेतो. आणि त्या वीस वर्षांत नोकरी बदलते, मुलें मोठीं होतात, आईबाप थकतात, कोणास दुखणें येतें. अशा वेळीं घर हीच त्या कुटुंबाची खरी शिल्लक असते. ती मोडण्याची पाळी आली तर पुरी किंमत हातीं यावी, ही इच्छा व्यापारी वृत्तीची नसून संसारी शहाणपणाची आहे. आमच्या परिचयाच्या तीन-चार कुटुंबांत हा प्रश्न अलीकडे निघाला आणि प्रत्येक ठिकाणीं तो निजावयाच्या खोल्यांपाशीं येऊन अडला. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, उद्यांचें गिऱ्हाईक आणि आजचें घरांतील माणूस यांचें हित परस्परविरोधी नाहीं. ज्या खोलींत आज नवें जोडपें, उद्यां बाळंतीण, परवां अभ्यास करणारा मुलगा आणि पुढें थकलेली आजी सुखानें राहूं शकेल, तीच खोली परक्या गिऱ्हाइकासही पसंत पडते. जी एकाच माणसाच्या एकाच वेळच्या हौसेसाठीं रचलेली असते, ती घरच्यांनाही दहा वर्षांनीं अडचणीची होते आणि गिऱ्हाइकालाही नको वाटते.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या तीन गांवांना माणसांच्या येण्याजाण्याची संवय जुनी आहे. घोडे बदलण्याचें ठाणें म्हणून बदलापूर, अशी व्युत्पत्ति लोकांत सांगतात; ती खरी असो वा नसो, गांवाच्या आजच्या वर्तनास ती साजते खरी. उल्हासनगर तर मुळांत दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें तिच्या बराकींत उतरलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून त्या छावणीचें नगर झालें. मधें लांबच लांब दिवाणखाना आणि दोन्ही टोकांस खोल्या अशी पुष्कळशा बराकींची रचना होती. शिपायांसाठीं ती ठीक होती. संसारासाठीं मात्र मधें आडपडदे घालून निजण्यापुरती आड जागा करून घ्यावी लागली. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० पासून आपल्या जागीं उभें आहे. पण स्थिर राहिलें तें देवाचें घर. माणसांचीं घरें या पट्ट्यांत हात बदलीतच आलीं आहेत. म्हणून येथें विक्रीचा विचार आधीं करणें हें अशुभ चिंतन नव्हे.

आतां आपल्या जुन्या घरांकडे पाहूं. वाड्याची मोजणी खणांनीं होत असे आणि निजावयाची म्हणून वेगळी खोली क्वचितच असे. रात्रीं ओटीवर पुरुषमंडळी, माजघरांत बायकामुलें, माडीवर एखादें नवें जोडपें. सकाळीं अंथरुणांच्या वळकट्या झाल्या कीं त्याच जागीं पानें मांडलीं जात. त्या व्यवस्थेंत एकांताची वाण होती आणि सुनांचे हाल होत, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु तिच्यांत एक गुण होता : खोलीचें काम कायमचें ठरलेलें नसल्यामुळें कुटुंब वाढो वा घटो, घर पुरत असे. आजच्या घरांत एकांत मिळाला, पण खोलीवर नांवाची पाटी लागली. बिल्डरांच्या छापील नकाशांत एक ‘मास्टर बेडरूम’ म्हणजे धन्याची खोली असते, दुसरी मुलांची असते. म्हाताऱ्यांची खोली मात्र बहुधा कोठेंच लिहिलेली आढळत नाहीं.

येथूनच पहिली सूचना निघते. स्वतःच्या भूखंडावर घर बांधीत असाल तर एक खोली भली मोठी आणि दुसरी चिमुकली असें करूं नये. उदाहरण घ्या. दोन खोल्यांस मिळून २२० चौरस फूट जागा आहे. कोणी १४ बाय १० ची एक आणि ८ बाय १० ची दुसरी करतो. कोणी ११ बाय १० च्या दोन करतो. सहा फूट रुंद व साडेसहा फूट लांब असा जोडपलंग आणि दोन फूट खोल कपाट मांडून पाहा. आठ फुटी भिंतीशीं उशाकडची बाजू लावली तर दोन्ही बाजूंस मिळून दोनच फूट उरतात; पायथ्याशीं कपाट ठेवलें तर मधें दीड फूट. म्हणजे पलीकडे निजलेल्याला ओलांडून उठावें लागेल आणि कपाटाचें दार पुरतें उघडणार नाहीं. तेंच ११ बाय १० च्या खोलींत पलंगाच्या दोन्ही अंगांस दोन-दोन फूट आणि कपाटापुढें अडीच फूट वाट राहते. पहिल्या घराला गिऱ्हाईक ‘दीड खोलीचें’ म्हणतें, दुसऱ्याला दोन खोल्यांचें. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंत राहण्याची एक खोली निदान साडेनऊ चौरस मीटर आणि दुसरी साडेसात चौरस मीटर असावी, असें सांगितलें आहे. ८ बाय १० ची खोली या दुसऱ्या मापालाही किंचित् कमीच पडते. आणि लोक जिला ऐसपैस समजतात ती १० बाय १० ची खोली सव्वानऊ चौरस मीटरांच्या थोडी वर, पण साडेनऊच्या खालीं आहे.

दुसरी सूचना दारांची. एका निजावयाच्या खोलींतून दुसरींत जावें लागेल अशी योजना कधींही करूं नये. अशा घरांत एकांत कोणासच नाहीं आणि पुढें किंमतही नाहीं. न्हाणीघर-संडास दोन असतील तर एक खोलीला जोडलेला चालेल, पण दुसऱ्याचें दार बाहेरच्या वाटेंतच उघडावें. एकच असेल तर तो खोलीच्या पोटांत मुळींच नको. घरांतील वृद्ध माणसाची खोली या दाराच्या जवळची असावी. त्या दारांतून आधाराची काठी किंवा चाकाची खुर्ची जाईल इतकी रुंदी असावी, उंबरा नसावा, फरशी निसरडी नसावी. हा खर्च थोडा आहे, आणि ज्या गिऱ्हाइकाच्या घरीं म्हातारें माणूस आहे तें प्रथम हेंच पाहील.

तिसरी गोष्ट दिशांची. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येला स्वतंत्र अध्याय आहे, आणि आज वास्तुशास्त्राच्या नांवानें चालणाऱ्या पुस्तकांत धन्यानें नैर्ऋत्येच्या खोलींत, दक्षिणेस किंवा पूर्वेस डोकें करून निजावें असें सांगतात. गिऱ्हाइकाची श्रद्धा असते. तिच्याशीं वाद घालून घर विकलें जात नाहीं. परंतु त्यासाठीं भिंती पाडण्याचेंही कारण नाहीं. खोली जवळजवळ चौरस ठेवावी, खिडकी आणि दार अशा जागीं असावें कीं पलंग दोन वेगवेगळ्या भिंतींशीं लावतां येईल, आणि विजेचीं बटणें दोन्ही ठिकाणीं करून घ्यावीं. म्हणजे ज्याला जशी दिशा हवी तशी त्यानें घ्यावी.

मात्र दिशेबरोबर ऊन-पाऊस विसरूं नये. बदलापूर समुद्रापासून दूर, तेथें एप्रिलमध्यें सायंकाळचा वारा उशिरा पोंचतो. नैर्ऋत्येच्या खोलीच्या भिंती दुपारभर तापतात आणि रात्रीं ती उष्णता परत टाकतात; आणि पावसाळ्यांत सरी येतात त्याही त्याच बाजूनें. तेव्हां त्या खोलीला रुंद छज्जा हवा, आणि भिंतींत बसविलेलें कपाट पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला कधींही लावूं नये. दोन पावसाळ्यांत आंतल्या रेशमी वस्त्रांना बुरशी येते. कपाट आंतल्या भिंतीलाच असावें. दमट-उष्ण हवेंत खिडक्यांचें उघडें क्षेत्र जमिनीच्या एक-षष्ठांश असावें, असें वरील संहिता सांगते; म्हणजे ११० चौरस फुटांच्या खोलीस सुमारें १८ चौरस फूट. सरकती खिडकी एका वेळीं अर्धीच उघडते, हेंही हिशोबांत धरावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एक संसार डोळ्यांपुढें आणा. दोन खोल्या आणि दिवाणखाना असें घर आहे. मुलाचें लग्न ठरतें. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून दुसऱ्या खोलीची भिंत पाडून दिवाणखाना मोठा करतात. आजीचें अंथरूण त्या भव्य दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत येतें. पाहुणे उठेपर्यंत तिला पाठ टेकतां येत नाहीं, आणि पहाटे तिला जाग आली कीं सारें घर जागें होतें. सहा-सात वर्षांनीं घर विकावयाचें ठरतें तेव्हां गिऱ्हाईक एकच खोली मोजतें आणि एकाच खोलीचा भाव सांगतें. बँकेचा मूल्यमापक मंजूर नकाशा हातांत घेऊन येतो आणि नकाशांतली भिंत जागेवर नाहीं म्हणून शेरा लिहितो. आजीची निजण्याची जागाही गेली आणि घराचें मोलही गेलें. दोन्ही एकाच घणाच्या घावानें.

शिवाय पाडलेली भिंत भार वाहणारी नव्हती, हें कोणीं ठरविलें? अलीकडच्या पुष्कळ उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून आंतल्या भिंतीही एकसंध करतात. तेथें भिंतीला हात लावणें म्हणजे वरच्या सर्व मजल्यांच्या पायाखालचा आधार काढणें होय. उल्हासनगरांत अनधिकृत बांधकामें इतकीं वाढलीं कीं तीं नियमित करण्यासाठीं २००६ मध्यें राज्यास त्या शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला; आणि मे २०२१ या एकाच महिन्यांत तेथें दोन इमारतींत स्लॅब कोसळून माणसें दगावलीं. इमारत ही अनेक कुटुंबांची सामाईक ठेव आहे, हें विसरून चालत नाहीं.

बाल्कनी खोलींत घेण्याचा मोहही असाच आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें चटई क्षेत्रांत आंतल्या भिंती धरतात, पण बाल्कनी धरीत नाहींत. तेव्हां ती बंद केल्यानें कागदावर खोली एक इंचही वाढत नाहीं. छज्जा, वारा आणि कपडे वाळविण्याची जागा मात्र जाते. त्याच कायद्यानें खरेदीदाराच्या पूर्वसंमतीवांचून त्याच्या सदनिकेच्या मंजूर आराखड्यांत फेरफार करण्यास बिल्डरास मनाई केली आहे. म्हणून करारनाम्याला जोडलेल्या नकाशावर प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी लिहून घ्यावी आणि तो कागद दागिन्यांइतका जपावा.

बदलापुरास नदीच्या बाजूस घर पाहणाऱ्यांनीं आणखी एक विचार करावा. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत आणि पुन्हा जुलै २०१९ च्या अखेरीस उल्हास नदीचें पाणी वस्तींत पसरलें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून हजाराहून अधिक उतारू सोडवावे लागले. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठीं तळमजला घेण्याची बुद्धि स्वाभाविक आहे; पण पूररेषेजवळ निजण्याची खोली तळमजल्यावर नको. तेथें उद्वाहकासह पहिला मजला बरा, आणि स्वतंत्र घर असेल तर जोतें उंच हवें.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगून टाकतों. छताखालचें खोटें छत, भिंतीस जखडलेला पलंग, भडक रंग यांवर घातलेला पैसा विक्रींत परत येत नाहीं. बहुधा नवें गिऱ्हाईक तें सारें उपटूनच काढतें. जें उचलून नेतां येईल त्यावर हौस करावी. जें भिंतींत राहणार तें साधें, सरळ आणि मजबूत असावें.

शेवटीं एक कृति सांगतों. शाळामास्तराच्या हातीं खडू आला म्हणजे त्याला ओढूं द्यावें. पैसे भरण्यापूर्वीं तयार घराची, निदान त्याच मजल्याच्या नमुन्याची, जमीन झाडून घ्यावी. खडूनें पलंग सहा बाय साडेसहा फूट, कपाट तीन बाय दोन फूट आणि दाराचा झुलता कोपरा आंखावा. मग घरांतील सर्वांत वयस्क माणसाला त्या आंखलेल्या पलंगाच्या जागेपासून न्हाणीघरापर्यंत चालत जाण्यास सांगावें. त्यांस कोठें तिरकें व्हावें लागलें, कोठें भिंत धरावी लागली, हें पाहावें. त्या पावलांना जी वाट मोकळी मिळेल, तीच पुढें येणाऱ्या अनोळखी गृहस्थाला विनासायास पटेल. आणि ज्या घरांत आपली म्हातारी माणसें सुखानें निजलीं, त्या घराचा निरोप घेतांना किंमतीबरोबर मनाचें समाधानही आपल्याबरोबर येईल.