लाजेपायी किती सोसायचं?

परवा बचत गटाची बैठक संपली. सगळ्या पांगल्या, तरी एक काकू दारातच घुटमळत होत्या. साठी उलटलेल्या. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, माझं अंग बाहेर येतंय. सात वर्षं झाली." घरात लेक, सून, पण कुणाला पत्ता नाही. कापडाची घडी लावून बाई शेतात खुरपायला जात होत्या!

मी त्यांना दवाखान्यात नेलं. "पिशवी काढून टाका," एवढंच उत्तर मिळालं. काकूंना दमा, त्यात ऑपरेशनची धास्ती. शेवटी जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंनी तपासून पेसरी बसवली. पेसरी म्हणजे सिलिकॉनची मऊ रिंग. मापाची बसली की खाली उतरलेल्या अंगाला ती आतून आधार देते. त्यानं दुखणं मुळापासून जात नाही, सगळ्यांनाच ती चालते असंही नाही. पण ऑपरेशन नको असेल किंवा झेपणार नसेल, तर मोठाच दिलासा. मग हा पर्याय आधी का सांगितला नाही?

रिंग बसवली की काम संपलं, असं मात्र नाही. डॉक्टर सांगतील तशी, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, ती काढून धुवायची आणि आत जखम नाही ना, हे बघायचं. विसरून गेलं तर जखम चिघळते. या तपासणीसाठी काकूंना दर वेळी एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी मोजावी लागते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात वेगवेगळ्या मापांच्या रिंगा, शिकवून तयार केलेली नर्स आणि पुढच्या तारखेची वही, एवढं ठेवणं खरंच अवघड आहे का?

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली होती. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला; पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के! त्याला आता कितीतरी वर्षं लोटली, पण आपली लाज अजून तिथंच बसलीय.

मैत्रिणींनो, सासूबाईंचे गुडघे आपण विचारतो, तसं हेही विचारूया. आणि डॉक्टरांना धीटपणे म्हणूया, "ऑपरेशनशिवाय दुसरं काही आहे का?" काकू आता बैठकीत पुढे बसतात, मोठ्यानं हसतात. सात वर्षं आधी कुणी विचारलं असतं तर?