कॉब्लर : बागाइतदाराच्या घरचें पक्वान्न

शेतकीला वाहिलेल्या मासिकानें स्वयंपाकघरांत शिरावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. बियाणें, खत, कीड व बाजारभाव ह्यांची चर्चा सोडून पक्वान्नाची चर्चा कशासाठीं, असें ते आम्हांस विचारतील. आमचें उत्तर असें कीं, फळाचा प्रवास बाजारांत संपतो ही समजूतच मुळीं अपुरी आहे. उत्तम फळ बाजारास जातें, तें योग्यच आहे. परंतु त्याच झाडाचीं जीं फळें खालीं पडून मार बसलेलीं, आकारानें लहान, वेडींवांकडीं अथवा तोडणीच्या दिवसापूर्वींच पिकलेलीं असतात, त्यांचें पुढें काय होतें ह्याचा हिशेब फारसा कोणी ठेवीत नाहीं. पुष्कळदां ह्या फळांस पेटीचा व गाडीभाड्याचा खर्चहि सोसत नाहीं. तीं बांधावर कुजतात किंवा गुरांपुढें जातात. आणि त्याच घरांतील मुलें दुपारच्या वेळीं दुकानांतील बिस्किटांच्या पुड्यावर भूक भागवितात. बागाइतदाराच्या घरांत फळ ही केवळ विकावयाची वस्तु होऊन बसावी आणि खावयाची वस्तु राहूं नये, ही स्थिति आम्हांस शोचनीय वाटते.

महाराष्ट्रांत १९९० सालापासून रोजगार हमी योजनेशीं फळबागांची लागवड जोडली गेली व जिरायत मुलखांतहि बागा उभ्या राहिल्या. लागवडीचा विचार झाला, विक्रीचाहि थोडाबहुत झाला. घरच्या उपयोगाचा विचार मात्र मागें राहिला. फळांवर प्रक्रिया करणारे कारखाने निघावेत हें आम्हांस मान्य आहे. परंतु कारखान्यास एकाच वेळीं पुष्कळ माल लागतो. रोज सकाळीं झाडाखालीं सांपडणारीं चार-दोन शेर फळें घेण्यास कोणताहि कारखाना दाराशीं येणार नाहीं. त्या फळांस घरची चूल हाच एक कारखाना आहे.

अशाच फळांसाठीं अमेरिकेंतील शेतकऱ्यांच्या घरांत एक फार सोपें पक्वान्न रूढ झालें आहे. त्यास कॉब्लर म्हणतात. भांड्यांत फळांच्या फोडी व गोड भिजविलेलें पीठ घालून तें भाजावयाचें, एवढेंच त्याचें स्वरूप. इंग्लंडांतून अमेरिकेंत गेलेल्या वसाहतवाल्यांस मायदेशचीं पक्वान्नें करण्यास लागणारें साहित्य नव्या मुलखांत मिळेना व भांडींहि पुरेशीं नव्हतीं. तेव्हां त्यांनीं हातीं असलेल्या फळांवर पिठाचे ओबडधोबड गोळे टाकून काम भागविलें, आणि अडचणींतून निघालेली ही युक्तिच पुढें आवडीची झाली. १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेटिस ब्रायन ह्या बाईंच्या 'केंटकी हाउसवाइफ' ह्या पाकशास्त्रावरील पुस्तकांत पीच फळाच्या अशा पक्वान्नाची कृति असून तेथें कॉब्लर हें नांवहि आलेलें आहे. विशेष असें कीं, हें पक्वान्न पाहुण्यांपुढें मिरविण्याजोगें नसलें तरी घरच्या मंडळींस उत्तम, असा अभिप्राय बाईंनीं स्वतःच दिला आहे. ह्या एका अभिप्रायांत कॉब्लरचें सारें मर्म आलें. तें दिखाऊ नाहीं. तें घरचें आहे. पुढें १८५६ सालीं एबेन हॉर्सफर्ड ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें बेकिंग पावडरीसंबंधीं पेटंट मिळविलें. अशा पावडरी घरोघर पोंचल्यावर पीठ फुगविण्याचें कामहि सोपें झालें व कॉब्लर अधिकच सुलभ झाला.

हें पक्वान्न परदेशचें, आपल्या चुलीवर तें कसें साधावें, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु अमेरिकेंतील वसाहतवाल्यांजवळ तरी आजच्यासारखी भट्टी कोठें होती? तीन पायांच्या बिडाच्या भांड्यास कांठ असलेलें झांकण बसवून, खालीं निखारे व झांकणावरहि निखारे ठेवून ते भाजीत असत. त्या भांड्यास तिकडे डच ओव्हन म्हणतात. आमच्या कोंकणांतील वाचकांस ही रीति नवी वाटणार नाहीं. पिकलेलें तवसें किसून, त्यांत तांदळाचा रवा, गूळ व ओलें खोबरें घालून, वर-खालीं विस्तव ठेवून जें धोंडस करतात, आणि गोव्याकडे ज्यास तवसळी म्हणतात, त्याची रीति हीच. वेलीच्या फळापासून विस्तवावर केक भाजण्याची विद्या आपल्या घरांत आजीपणजीपासून आहे. फक्त ती तवशापुरती राहिली. आंबा, अंजीर व स्ट्रॉबेरी ह्यांच्यापर्यंत फारशी पोंचली नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. अमेरिकेच्या दक्षिण भागांत हिच्यासाठीं तराजू लागत नाहीं. एक वाटी पीठ, एक वाटी साखर व एक वाटी दूध असें सरळ प्रमाण धरतात. आमच्या मतें आपल्याकडील गोड फळांस पाऊण वाटी साखर पुरे. फळ फार गोड असल्यास अर्धी घालावी. मैद्याऐवजीं बारीक चाळलेली कणीकहि चालते. पिठांत दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ व साखर मिसळून दूध घालावें व धिरड्याच्या पिठासारखें सरसरीत करावें. फार घोटूं नये. बेकिंग पावडर नसल्यास दुधाऐवजीं आंबट व दाट ताक घ्यावें आणि सपाट अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. ताकांतील आम्ल व सोडा ह्यांच्या संयोगानें वायु उत्पन्न होऊन पीठ फुगतें. भाजावयाच्या भांड्यांत पाव वाटीहून थोडें अधिक तूप किंवा लोणी तापवून पसरावें, त्यावर भिजविलेलें पीठ ओतावें आणि दोन वाट्या फळांच्या फोडी वरून सारख्या पसराव्या. ह्यापुढें ढवळावयाचें नाहीं. भाजतांना पीठ आपोआप फोडींच्या मधून वर येतें व फळ खालीं बसतें. विजेच्या भट्टींत १८० अंश सेल्सिअस उष्णतेवर ४० ते ४५ मिनिटें लागतात. निखाऱ्यांवर करावयाचें झाल्यास जाड बुडाचें पातेलें घ्यावें. खालीं थोडे निखारे व झांकणावर अधिक, हें प्रमाण संभाळावें, नाहींतर बूड करपून वरचें पीठ कच्चें राहतें. गॅसच्या शेगडीवर, शिटी व रबर काढलेल्या कुकरांत तळाशीं मिठाचा थर व त्यावर तिवई ठेवून भाजलें तरी चालतें. फक्त वरचा रंग तितका खरपूस येत नाहीं. बारीक काडी खुपसून कोरडी निघाली म्हणजे झालें. कोमट असतांना थंड दूध किंवा साय घेऊन खावें. पांच-सहा माणसांस हें पुरतें.

ज्यांना भाजण्याची सोयच नाहीं, त्यांनीं ह्याचाच धाकटा भाऊ करावा. अमेरिकेच्या ईशान्य भागांत, ज्यास न्यू इंग्लंड म्हणतात, फळें साखर-पाण्यांत उकळत ठेवून त्यांवर पिठाचे लहान गोळे सोडतात आणि झांकण घट्ट लावून वाफेवर शिजवितात. शिजतांना जो गुरगुर आवाज होतो त्यावरून त्यास ग्रंट हें नांव पडलें, असें सांगतात. ह्यास एक चूल व एक पातेलें एवढें पुरे.

कोणतीं फळें घ्यावींत, ह्याचाहि विवेक पाहिजे. पिकलेला पण घट्ट आंबा, पुरंदरकडील अंजिरें, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या, अननस व बिया काढलेला पेरू हीं फळें चांगलीं. स्ट्रॉबेरीस पाणी फार सुटतें, म्हणून तिच्या फोडींस चमचाभर तांदळाचें पीठ चोळावें. सीताफळाच्या गरास मात्र उष्णता लावूं नये. तो कडवट होतो. संत्र्याच्या रसासहि कडूपणा येतो. तीं सोलून तशींच खावींत. आणखी एक इशारा आम्ही आग्रहपूर्वक देतों. मार लागलेलें फळ व सडलेलें फळ हीं एक नव्हत. मार लागलेला भाग कापून उरलेलें खुशाल वापरावें. परंतु ज्या मऊ फळावर बुरशी दिसते तें सबंध टाकून द्यावें. बुरशीचीं कांहीं विषें शिजविल्यानेंहि पूर्णपणें नाहींशीं होत नाहींत. काटकसरीच्या नांवाखालीं आजार विकत घेणें ही काटकसर नव्हे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ताजें फळ तसेंच खाणें अधिक हितकर. हें खरें आहे. भाजल्यानें क जीवनसत्त्व कमी होतें. ज्या घरांत ताजें फळ रोज खाल्लें जातें तेथें आमचें कांहींच म्हणणें नाहीं. पण चार दिवसांत शंभर आंबे एकदम पिकतात तेव्हां कोणतें कुटुंब ते कच्चे खाऊन संपविणार? आणि साखरेचा हा पदार्थ रोजचा नव्हे, आठवड्याच्या एखाद्या दिवसाचा, हेंहि लक्षांत असावें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेतकऱ्याच्या घरची बाई पहाटेपासून शेतांत व चुलीपाशीं राबते. तिच्या माथीं हें नवें काम कां मारतां, असें कोणी म्हणेल. ह्या आक्षेपाचा आम्ही आदर करतों, आणि म्हणूनच मुरंबा किंवा पुरणपोळी न सुचवितां कॉब्लर सुचवितों. ह्यांत लाटणें नाहीं, आटविणें नाहीं, तासभर पळी फिरविणें नाहीं. फळें मुलांनीं चिरावींत, पीठ घरच्या पुरुषांनीं कालवावें. ज्यास औषधाचें प्रमाण मोजून फवारा तयार करतां येतो, त्यास वाटीभर पीठ व वाटीभर दूध मोजतां येत नाहीं असें थोडेंच आहे?

अमेरिकेंत शेतकी शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनीं ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली. दक्षिण कॅरोलिनांतील एकेन परगण्यांत मेरी क्रोमर ह्या शिक्षिकेनें १९१० सालीं मुलींचें टोमॅटो-मंडळ काढलें. प्रत्येक मुलीनें एक दशांश एकरांत टोमॅटो लावावेत व पीक डब्यांत भरून टिकवावें, अशी ती योजना होती. पुढें १९१४ सालच्या स्मिथ-लीव्हर कायद्यानें शेतीबरोबर गृहविज्ञानाचें शिक्षणहि शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेण्याची व्यवस्था केली. शेत व स्वयंपाकघर हीं एकाच संसाराचीं दोन अंगें आहेत, हें तत्त्व त्यामागें होतें. आपल्याकडील शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत फवारणीचीं प्रात्यक्षिकें होतात. त्यांत अर्धा तास हलक्या फळांच्या घरगुती उपयोगास दिल्यास मेळाव्याचें महत्त्व कमी होणार नाहीं, उलट घरची सारी मंडळी तेथें येऊं लागतील.

कॉब्लर केल्यानें कोणाचें कर्ज फिटणार नाहीं किंवा पडलेला भाव चढणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तशी आशा दाखविणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु वर्षभर ज्या झाडास पाणी घातलें, त्याची गोडी आपल्या मुलांच्या जिभेवर कधींच येऊं नये, हें नुकसान कोणत्याहि बाजारभावांत मोजतां येत नाहीं. तें टाळणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. येत्या हंगामांत आमच्या बागाइतदार वाचकांनीं एकदां तरी हा प्रयोग करावा, आणि आपल्या भागांतील कोणतें फळ ह्यास साधलें व कोणतें बिघडलें तें आम्हांस अवश्य कळवावें. म्हणजे एकाचा अनुभव सर्वांच्या उपयोगीं पडेल.