पंप बदलण्याआधी करंट तपासा

गाडी रस्त्यात बंद पडली की आपल्याकडे चार माणसे जमतात आणि पाचव्या मिनिटाला निकाल लागतो, "पंप गेला!" निकाल देणाऱ्याच्या हातात ना मीटर असते ना साधा बल्ब. तरी आपण मान डोलावतो, गाडी टोचन करून तालुक्याला नेतो आणि काही हजारांचा पेट्रोल पंप टाकीत बसवून घेतो. आठ-पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा त्याच चढावर उभी.

हे आमच्याच घरी घडले म्हणून सांगतो. सकाळी दूध घालायला आणि हंगामात खताची पोती आणायला वापरायची व्हॅन. वर्षभरात दोन पंप बदलले. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा शेजारच्या गावातल्या बॅटरीवाल्या पोराला बोलावले. त्याने मागची सीट उचलली, पंपाची काळी तार जिथे बॉडीला बोल्टने आवळली होती ती जागा दाखवली. पोत्यांतून सांडलेले खत आणि पावसाळ्यातली ओल, दोघांनी मिळून तिथे हिरवट-पांढरा थर चढवला होता. पॉलिश पेपरने घासले, नवा बोल्ट लावला, वरून ग्रीस. मजुरी दीडशे रुपये. काढलेले दोन्ही पंप चांगले होते, ते आजही माळ्यावर पडून आहेत. विजेचा पार्ट एकदा लावला की दुकानदार परत घेत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मग प्रत्येक वेळी पंप बदलल्यावर गाडी चालली कशी? इथेच सगळ्यांची फसगत होते. पंप काढताना कपलर ओढला जातो, तारा हलतात, नवा बसवताना पुन्हा दाबून जोडला जातो. या घासाघाशीत गंजलेली पिन तेवढ्यापुरती उजळते आणि करंट मिळू लागतो. श्रेय मात्र नव्या पंपाला मिळते. पुन्हा थर चढला की पहिले पाढे पंचावन्न.

पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाड्यांना हा प्रश्न फारसा नव्हता. पेट्रोलचा पंप इंजिनच्या जोरावर चालायचा, मोटारसायकलला तर पंपच नव्हता, टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली. आता तसे राहिले नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि काही मॉडेल सोडली तर मोटारसायकलच्या टाकीतही विजेचा पंप आला. म्हणजे हा विषय व्हॅनवाल्यापुरता नाही, पोराला कॉलेजला पाठवणाऱ्या प्रत्येक घराचा आहे. ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र गैरसमज करून घेऊ नये. जुन्या डिझेल ट्रॅक्टरचा फीड पंप इंजिनच चालवते, तिथे हवा धरली का ते आधी पाहावे. आणि कॉमन रेल डिझेल पिकअपचे पाइप घरी सोडू नयेत, त्यातला दाब जीवघेणा असतो.

आता मूळ मुद्दा. विजेच्या पंपाची वाट साधी आहे. बॅटरी, फ्यूज, रिले, लांब तार, पंप, आणि पंपातून अर्थच्या तारेने परत बॅटरीकडे. विहिरीवरची मोटर चालली नाही तर तुम्ही लगेच मोटर वर काढता का? आधी लाइट आहे का बघता, फ्यूज बघता, स्टार्टर बघता. केबल तपासल्याशिवाय मोटरला हात लावत नाही. मग गाडीच्या बाबतीतच ही घाई कशाला?

पहिली तपासणी कानाची. चावी ऑन केली, सेल्फ मारला नाही, तर टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽ असा आवाज येतो आणि थांबतो. आवाज आला म्हणजे पंप फिरतोय. मोटारसायकलला आवाज येत नसेल तर आधी हँडलवरचे लाल किल स्विच बघा. गाडी आडवी पडली असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये सेन्सर पंप बंद करतो. उभी करून चावी बंद-चालू केली की झाले. एवढ्यासाठी गाडी टेम्पोत घालून नेलेले लोक मी पाहिले आहेत.

आवाज नसेल तर फ्यूज. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पंप जाम आहे. तिथे चांदीचा कागद, तांब्याची तार किंवा मोठा फ्यूज कृपा करून घालू नका. ती तार पेट्रोलच्या टाकीकडे जाते. मग रिले. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, असतो. दोघांची अदलाबदल करा. पंप वाजला आणि हॉर्न बंद झाला तर शे-दोनशे रुपयांत काम झाले.

इथवरही काही सापडले नाही तर बल्ब. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, दोन तारा जोडा. नुसते मीटर का नको? दहा धाग्यांची तार कुजून एकच धागा उरला असला तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर स्वतः करंट खातच नाही. बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात, खोटी तार तिथे उघडी पडते. पंपाचा कपलर काढून त्यातल्या पंपाच्या दोन तारांना बल्ब लावा (सोबतच्या बारीक तारा बहुधा काट्याच्या असतात, त्या सोडा) आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. बल्ब दोन सेकंद लख्ख पेटला तर तार बहुधा ठीक, संशय पंपावर. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर बल्बची अर्थची बाजू बॉडीच्या घासलेल्या पत्र्याला लावा. आता पेटला? मग अर्थ खराब. तरीही नाही? मग दोष मागे, रिलेपासून कपलरपर्यंतच्या तारेत. उसाच्या फडाजवळ किंवा गोठ्यात गाडी लावणाऱ्यांनी उंदराने कुरतडलेली तार आधी शोधावी. गॅसचे किट बाहेरून बसवले असेल तर किटवाल्याने पंपाच्या तारेत टाकलेला जोडही उघडून बघावा.

गाडी सुरू होते पण चढावर, भर उन्हात दम टाकते, तेव्हा मीटर कामाला येते. इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी पंपाच्या काळ्या तारेला. आकडा शून्याच्या आसपास हवा. एक व्होल्ट दिसला तर अर्थ गेली समजा. तसेच बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि पंपाची येणारी तार; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. काही नव्या गाड्यांत पंपाला वेगळा कंट्रोलर असतो, तिथे हा हिशेब चालत नाही, कंपनीच्या माणसालाच दाखवावे. आणि हे सगळे करताना टाकीचे झाकण बंद, पेट्रोलचा वास नाही, बिडी-काडी लांब. तार घासून ठिणगी बघायची आपली जुनी सवय इथे अजिबात नको.

एवढे करूनही पंपाच्या तोंडाशी पूर्ण करंट आहे, अर्थ पक्की आहे आणि पंप गप्प आहे, तर मग खुशाल नवा पंप घ्या.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांसाठी दोन शब्द. घंटागाडी असो की पंचायतीची दुसरी एखादी गाडी, ती महिनाभर उभी राहते तेव्हा दोष एकट्या मिस्त्रीचा नसतो. आपल्या बिलात पार्टला जागा आहे, मजुरीला जागा आहे, पण दोष शोधायला लागलेल्या दोन तासांना जागा नाही. ज्याने सीटखाली वाकून दीडशे रुपयांत काम केले त्याचे बिल मंजूर करताना "एवढ्याशा कामाला दीडशे?" असे विचारले जाते, आणि नव्या पंपाचे छापील बिल मात्र बिनबोभाट निघते. मग मिस्त्री तपासणी कशाला करील? तोही पोटासाठीच बसला आहे. काही जण म्हणतील, तपासणीचे पैसे द्यायला लागलो तर लोक फुकटचे तास लावतील. लावतील एखादे वेळी. म्हणूनच आकडा लिहून मागा.

पंप बदलण्याची मागणी आली की दुरुस्ती नोंदवहीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: बॅटरीचे व्होल्ट, पंपाजवळचे व्होल्ट, अर्थचा फरक आणि बल्ब पेटला की नाही. काढलेला पार्ट पंचायतीत जमा करावा. तपासणीची मजुरी वेगळी आणि राजीखुशीने द्यावी. साधे मीटर दोन-तीनशे रुपयांत येते, सादिलमधून सहज घेता येईल. गावात आयटीआयचा मोटर मेकॅनिक ट्रेड केलेले एखादे पोर असतेच. पुढच्या मासिक सभेच्या दिवशी त्याला बोलवा आणि पंचायतीच्या गाडीवरच एकदा सगळ्या ड्रायव्हरांसमोर हे करून दाखवायला सांगा.