उशिरा आलेल्यांचे वेळापत्रक

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



नागपुरात मेडिकल, मेयो आणि २०१८ पासून एम्स ही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत मेडिकल चौकात बॅगा घेतलेले आईवडील दिसतात. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळहून आलेले. वसतिगृह आणि मेस यांची चौकशी ते नीट करतात. पण एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा दिवस कसा जातो, हे त्यांना कोणीच सांगत नाही. मी पहिल्या वर्षाला शिकवले आहे, म्हणून हे पत्र.

सकाळी आठ-नऊला लेक्चर, मग डिसेक्शन, दुपारी फिजिओलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीचे प्रॅक्टिकल. शिवाय हिस्टॉलॉजीच्या स्लाइड, जर्नल आणि गावातल्या कुटुंबांना भेटी. खोलीवर पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि खरा अभ्यास तिथून पुढे. २०१९ च्या अभ्यासक्रमात एकट्या ॲनाटॉमीला ६७५ तास होते, फिजिओलॉजीला ४९५, बायोकेमिस्ट्रीला २५०. बारावीत रट्टा मारून पहिले आलेले मूल पहिल्याच पार्ट कम्प्लीशनला, म्हणजे अभ्यासाचा एक भाग संपल्यावरच्या परीक्षेला, नापास होते, तेव्हा ते हुशार नाही असा अर्थ होत नाही. अभ्यासाची जुनी पद्धत इथे पुरत नाही, इतकेच. ही गोष्ट वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

पण माझे मुख्य म्हणणे वेगळे आहे. वर्ग सगळ्यांसाठी एकदम सुरू होत नाहीत. तिसऱ्या फेरीत किंवा त्यानंतर जागा मिळालेला मुलगा एप्रन घालून डिसेक्शन हॉलमध्ये येतो, तेव्हा टेबलाभोवतीची मुले ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नसांचे जाळे, संपवून पुढे गेलेली असतात. फाउंडेशन कोर्स त्याने पाहिलेलाच नसतो. मृतदेहासमोर उभे राहण्याआधी ज्या चार शब्दांची गरज असते, तेही त्याच्या वाट्याला आलेले नसतात. आणि थिअरीला ७५, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी मात्र त्यालाही लागते. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला जास्तीत जास्त चार संधी आहेत, हे तर अनेकांना पहिल्या नापासानंतर कळते. उशीर प्रवेशप्रक्रियेचा, आणि भरपाई अठरा वर्षांच्या पोराने करायची?

त्यामुळे दोन विनंत्या. पहिली, प्रवेशाच्या आदेशासोबत मराठीत एक पान द्या. त्यावर दिवसाचा क्रम, टर्मिनल आणि प्रिलिमचे महिने, हजेरीचे नियम आणि परीक्षेच्या संधी एवढेच असावे. शेतकरी बापाला वाचता येईल असे लिहावे. मुलगा दिवाळीला चारच दिवस का आला, याचे उत्तर त्याला त्यातून मिळेल.

दुसरी विनंती अधिक महत्त्वाची. शेवटच्या फेऱ्यांमधून आलेल्यांसाठी प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र तास ठेवायला सांगा. सुटलेले डिसेक्शन प्रत्यक्ष टेबलावर दाखवले जावे, फोनवर नोट्स पाठवून भागवू नये. त्यांची पहिली पार्ट परीक्षा ते तास झाल्यावरच घ्यावी. हजेरी रुजू झालेल्या दिवसापासून धरावी. त्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची परवानगी लागणार असेल, तर ती विद्यापीठानेच मागावी. एकटा विद्यार्थी आयोगाच्या दारात जाऊ शकत नाही.

पुढच्या तुकडीची प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी या दोन्हींची परिपत्रके निघावीत.

आपला,
प्रथम वर्षाचा एक निवृत्त शिक्षक, नागपूर