साधेपणाचा बाजार

अमेरिकेंतील आमिश आणि मेनोनाइट या पंथांविषयीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत जी थोडीबहुत माहिती असते, ती बहुधा पडद्यावरून आलेली असते. काळी टोपी, दाढी, स्त्रियांच्या डोक्यावर पांढरें टोपडें, घोड्याची गाडी आणि मागें मक्याचें शेत, एवढ्यानें चित्र पुरें होतें. आणि पाहणारा ‘काय हें साधें जीवन!’ असा सुस्कारा टाकून मोकळा होतो. आमची तक्रार या सुस्काऱ्याविरुद्ध आहे. थट्टेखोरांनीं या लोकांचें फारसें बिघडविलेलें नाहीं. १९९६ सालीं त्यांच्यावर एक विडंबनगीत निघून खूप गाजलें. पण ज्यांच्या घरीं तें ऐकण्याचें यंत्रच नाहीं, त्यांना त्याचा उपद्रव तो काय होणार? खरें नुकसान केलें आहे तें स्तुतिपाठकांनीं.

हे लोक कोण, हें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जाणत्या वयांत स्वेच्छेनें घेतलेला बाप्तिस्माच खरा, असें म्हणून १५२५ सालीं झुरिक शहरीं कांहीं तरुणांनीं तो एकमेकांस दिला. पुढें शपथ आणि तलवार या दोहोंनाहि नकार देणारा हा पंथ राजे आणि धर्मगुरु यांना सारखाच असह्य झाला, आणि त्याचे अनुयायी जाळले गेले, बुडविले गेले. मेनो सायमन्स या डच उपदेशकावरून मेनोनाइट हें नांव पडलें. १६९३ मध्यें याकोब अम्मान याच्या अनुयायांनीं वेगळी चूल मांडली, ते आमिश. आज आमिश सुमारें चार लाख आहेत. मेनोनाइट त्यांच्या कित्येक पट असून त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिका या भागांत राहतात. १८९९ सालीं, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांचे अमेरिकन मिशनरी धमतरीस आले. नागपूर ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्यप्रांतांतलेंच हें गांव. तेथील मेनोनाइट चारचौघांसारखे राहतात, इस्पितळ चालवितात. पडद्याला ते ठाऊक नाहींत, कारण त्यांच्या डोक्यावर टोपडें नाहीं.

स्तुतिपाठकांचें मुख्य पालुपद असें कीं, आमिशांनीं काळ थांबविला आहे. याहून खोटें विधान क्वचितच सांपडेल. विसाव्या शतकाच्या आरंभीं पेनसिल्व्हेनियांतील लँकेस्टर परगण्यांत टेलिफोनचा प्रश्न त्यांच्यापुढें आला. कित्येकांनीं तो घरांत घेतलाहि होता. बराच खल होऊन १९१० च्या सुमारास ठरलें कीं, तो घरांत नको. पुढें निकड भासूं लागली तेव्हां शेताच्या कडेला एखादें खोपट उभारून चार-पांच कुटुंबांनीं मिळून एक टेलिफोन ठेवावा, अशी मुभा मिळाली. सरकारी खांबावरची वीज घ्यावयाची नाहीं. परंतु डिझेलच्या एंजिनानें हवा दाबून तिच्यावर सुतारकामाचीं यंत्रें चालविण्यास हरकत नाहीं. बाहेरच्याला हें ढोंग वाटतें. आम्हांस यांत विलक्षण जागी बुद्धि दिसते. नवी वस्तु आपल्या संसाराचें आणि शेजाराचें काय करील, हा प्रश्न ते मंडळींत बसून विचारतात. वर्षांतून दोनदां नियमांची उजळणी करतात. आणि वाद विकोपास गेला तर फुटूनहि निघतात. आमच्या घरांत दूरध्वनि शिरला, मोटार शिरली, आतां निजण्याच्या खोलींत उजळणारा पडदा शिरला. यांपैकीं एकाविषयीं तरी आम्हीं घरच्या मंडळींत बसून ठराव केला होता काय? आणि हा खल, जो त्या जीवनाचा गाभा, तो कोणत्या बोलपटानें दाखविला?

१९८५ चा पीटर वियर यांचा ‘विटनेस’ हा बोलपट या कौतुकाचा मूळपुरुष म्हणावयास हरकत नाहीं. तो देखणा आहे. सर्वांनीं मिळून कोठार उभारण्याचा प्रसंग पाहणारा सहसा विसरत नाहीं. परंतु त्याच बोलपटांत गांवगुंड आमिशांची टवाळी करूं लागतात, तेव्हां त्यांच्या वेषांत लपलेला पोलीस अधिकारी पुढें होऊन एकाचें नाक फोडतो, आणि प्रेक्षागृह सुखावतें. ज्या एका गोष्टीस नकार दिला म्हणून या पंथाच्या पूर्वजांनीं प्राण दिले, ती त्यांच्याच टोपीखालून करवून घ्यावयाची आणि याला आदर म्हणावयाचें! शेवटीं घंटा ऐकून निःशस्त्र शेजारी धांवत येतात आणि त्यांच्या नुसत्या पाहण्यानें खुनी हतबल होतो, तेवढा एक क्षण प्रामाणिक आहे; पण तोंपर्यंत त्याच्या साथीदारांचीं प्रेतें पडून गेलेलीं असतात. प्रवाशांच्या झुंडी येतील, शेतांत शिरून छायाचित्रें काढतील, या भयानें आमिशांच्या धर्मस्वातंत्र्यासाठीं झटणाऱ्या समितीनें बहिष्काराची हांक दिली. आणि यापुढें ही वस्ती चित्रीकरणासाठीं पुढें करणार नाहीं, असें त्या राज्याच्या गव्हर्नरांनीं मान्य केलें. २०१२ ते २०१५ या काळांत चाललेली ‘आमिश माफिया’ ही मालिका तर बनावटीचा कळस. तिच्यावर शाई खर्चणें नको.

त्याहून गंभीर प्रकरण पुढचें आहे. २ ऑक्टोबर २००६ रोजीं (आम्हांस तो गांधीजयंतीचा दिवस) निकेल माइन्स येथील आमिश शाळेंत एका इसमानें दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पांच दगावल्या. त्यानें स्वतःसहि मारून घेतलें. त्याच दिवशीं आमिश शेजारी त्याच्या बायकोच्या समाचारास गेले, आणि त्याच्या दफनास आलेल्यांत निम्म्याहून अधिक आमिश होते. २०१० सालीं ‘आमिश ग्रेस’ या दूरचित्रवाणीपटानें यावर काय केलें? एक कल्पित माता निर्माण केली, तिला क्षमा करवेना असें दाखविलें, आणि अखेर तिच्या डोळ्यांतून पाणी काढून प्रेक्षकास हलकें केलें. लहानपणापासून रोजच्या प्रार्थनेंत मुरलेली, सगळ्या मंडळीनें मिळून पेलावयाची आणि शोक न संपतां रोज नव्यानें करावयाची जी क्षमा, तिचें येथें एका बाईचें मनोवादळ झालें. ज्या पुस्तकाचें नांव घेतलें त्याच्या लेखकांनीं या पटांत भाग घेण्याचें नाकारलें, तें योग्यच झालें.

‘मग कलावंतानें वडीलधाऱ्यांची परवानगी काढावी काय?’ असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. बोलिव्हियांतील मॅनिटोबा या मेनोनाइट वसाहतींत २००५ ते २००९ या काळांत रात्रीं घरांत गुंगीचें औषध फवारून शंभराहून अधिक स्त्रियांवर आणि मुलींवर अत्याचार झाले. गुन्हेगारांस २०११ मध्यें शिक्षा झाली. मिरियम टेव्झ या कॅनडांतील मेनोनाइट घराण्यांत जन्मलेल्या लेखिकेनें त्यावरून २०१८ सालीं ‘विमेन टॉकिंग’ ही कादंबरी लिहिली आणि सारा पॉली यांनीं २०२२ सालीं तिचा बोलपट केला. कोणाची परवानगी नाहीं, कोणाची भीड नाहीं. गवताच्या माळ्यावर बसलेल्या त्या निरक्षर बायका राहावें, लढावें कीं निघून जावें याचा खल करतात, आणि वडिलांनीं फर्माविलेली क्षमा ही क्षमा होते काय, हें आपल्याच धर्माच्या शब्दांत तपासतात. टोपडें येथेंहि आहे, पण त्याखालीं डोकें आहे. सुस्कारे टाकणाऱ्या आमच्या स्नेह्यांस या वसाहतीची हकीकत सांगितली, तर ते प्रथम ती खोटी म्हणतात. त्यांच्या मनांतील चित्रांत अशा बायकांस जागाच उरलेली नसते.

ओहायो राज्यांतील शुगरक्रीक गांवाहून ‘द बजेट’ नांवाचें साप्ताहिक १८९० पासून निघतें. वस्तीवस्तींतून आमिश आणि मेनोनाइट लेखनिक त्यांत पत्रें धाडतात: रविवारची उपासना कोणाकडे झाली, पाऊस किती पडला, कोणाला मूल झालें, कोण दुखणाईत आहे. पडद्यावरचे आमिश पाहून झाल्यावर ज्यांना कुतूहल उरेल, त्यांनीं त्यांतलीं दहा-वीस पत्रें वाचावींत. पहिल्या पांचांत कंटाळा येईल. पुढें तींच तीं नांवें फिरून भेटूं लागतात.